कान टोचणीचे दोन फ्लेक्स

कान टोचायचे होते पोराचे, आणि आमच्या घरात भांडण चाललं होतं थोरल्या भाऊजींच्या मिशीवरून.

"डावीकडे बारीक दिसतेय," थोरले म्हणाले.

"पेरियप्पा, ती डावीकडे बारीकच आहे," त्यांची पुतणी याळिनी म्हणाली. पेरियप्पा म्हणजे थोरले काका.

"फोटोत बारीक आहे गं. तोंडावर नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावरही होती. पण मी या घरची धाकटी सून. असली वाक्यं बोलून का मी इथवर टिकले? मी गुपचूप कॉफीचे पेले गोळा करायला लागले.

पोरगं होतं अरसीचं. अरसी ही मधल्या भाऊजींची थोरली मुलगी, याळिनी धाकटी, आणि दोघींच्या मध्ये कदिरवन नावाचा एक नमुना. कान टोचताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं, म्हणजे सगळा मान या नमुन्याचा. मामाकडून आहेर जायचा, म्हणजे तो आमच्या घरातून. आहेर म्हटला की ताटं आली, वाजंत्री आली, बोकड आला, आणि अलीकडे या सगळ्यांच्या आधी फ्लेक्स येतो. देवळाच्या वाटेवर एका बाजूला मामाकडच्यांचा, दुसऱ्या बाजूला बापाकडच्यांचा. आमच्या उसिलंपट्टीकडची माणसं बोकडाची चव विसरतील, पण कोणाचं तोंड कोणाच्या वर होतं ते मरेपर्यंत विसरायची नाहीत.

दर वेळी आम्ही फ्लेक्स दुकानातून करून आणायचो. या वेळी याळिनी म्हणाली, मी करते. मदुरैच्या कॉलेजात ती डिझाइन शिकते, शेवटचं वर्ष. थोरल्यांच्या लेखी हे शिक्षणच नव्हे. त्यांनी तिच्यासाठी बी.एड.ची जागा बोलून ठेवली होती.

"कर," ते तिला म्हणाले होते. "पण ऐकून ठेव. विरुमांडीच्या फ्लेक्सपेक्षा आपला भारी ठरला, तर तू खुशाल डिझाइनचं दुकान थाट, मी आड येणार नाही. त्यांचा भारी ठरला, तर लॅपटॉप कपाटात आणि तू बी.एड.ला. आणि तोवर बाहेरच्या कोणाचं काम घ्यायचं नाही."

विरुमांडी म्हणजे अरसीचे सासरे. लग्नात त्यांनी थोरल्यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. ती पंगत थोरल्यांच्या घशातून अजून खाली उतरलेली नाही.

मधले भाऊजी, पोरीचे सख्खे वडील, हे ऐकत तिथेच बसले होते. त्यांनी मान हलवली. थोरल्यांपुढे ते मानच हलवतात. हो म्हणून की नाही म्हणून, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

खरं सांगते, याळिनीने पहिला केलेला फ्लेक्स बघत राहावा असा होता. मधोमध बाळ, दोन दात दाखवत हसणारं, कदिरवनच्या हातात. बाकी आम्ही सगळे खाली एका ओळीत, लहान लहान, जत्रेत उभे असल्यासारखे. मागे पिवळा रंग, हळदीसारखा. पोरीने जीव ओतला होता.

"छान आहे," थोरले म्हणाले. "आता मला वर घे."

तिथून त्या फ्लेक्सला जी घरघर लागली, ती लागलीच. थोरले वर गेले. थोरले गेले म्हणून मधले गेले. मधले गेले तर आमच्या यांनी काय पाप केलं होतं? तेही गेले. मग कदिरवन म्हणाला, मामा मी आहे, माझं तोंड सगळ्यांत मोठं पाहिजे, आणि गॉगल घाल. थोरले म्हणाले, मामा तू असशील, पण तुझ्या बापाचा भाऊ मी आहे. त्यावर दोघं दिवसभर एकमेकांशी बोलेनात. जेवताना "रसम सरकव" हेसुद्धा माझ्यामार्फत.

"पेरियप्पा," याळिनी मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला अजून मोठं केलं तर बाळ मागे जातंय."

"बाळ लहानच असतं. लहानच दिसू दे."

"दिसणारच नाही हो."

"अगं, ज्याचे कान टोचायचेत ते पोरगं सगळ्यांना माहीत आहे. मला कोण ओळखणार, तिकडच्या गावातले? तू मला पुढे घे."

हे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. पण जो तो स्वतःच्या तोंडाकडे बघत होता.

समोरासमोर चाललं होतं ते एक, आणि चोरून चाललं होतं ते वेगळंच. थोरल्या जाऊबाई पाणी मागायच्या निमित्ताने पोरीच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, मला थोडी गोरी कर, पण त्यांना सांगू नको. मधले भाऊजी गेले आणि टक्कल दाखवून नुसती मान हलवून आले. आमचे हे, ज्यांनी लग्नात मला "बस" याच्यापलीकडे शब्द टाकला नव्हता, ते गेले आणि पोट कमी करून घेऊन आले. मी? मी गेले नाही. मी तिला जेवायला वाढताना म्हटलं की हनुवटी दोन दिसतायत. आम्हा बायकांना खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. तिथे तरी एकच हनुवटी नको का?

"करते, चित्ती," ती म्हणाली. चित्ती म्हणजे धाकटी काकू, मी. डोळे लाल झाले होते तिचे. "सगळ्यांचं सगळं करते."

मला वाटलं जागरणाचे लाल झाले असतील. खरी गोष्ट तिने मला नंतर सांगितली.

झालं होतं असं की, महिन्याभरापूर्वी पोरीने गुपचूप एक काम केलं होतं. तिरुमंगलमला बस स्टँडसमोर एका सलूनचं उद्घाटन होतं, त्याचा फ्लेक्स. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'याळ डिझाइन' आणि नवीन घेतलेल्या सिमचा नंबर. स्वतःचं आख्खं नाव टाकायची छाती झाली नाही, म्हणून अर्धंच टाकलं. त्या नंबरावर एके दिवशी मेसेज आला: "वणक्कम सर. सलूनचा फ्लेक्स बघितला. नातवाचे कान टोचायचे आहेत. आमचा पण करून द्याल का?"

सोबत नातवाचा फोटो. दोन दात दाखवत हसणारा.

याळिनीने तो लगेच ओळखला. फोटो तिनेच काढलेला होता. अरसीने तो सासऱ्यांना पाठवला, सासऱ्यांनी फिरवून तिलाच. शब्द दिलेला होता की बाहेरचं काम घेणार नाही. आणि हे तर बाहेरच्याहून बाहेरचं. नाही म्हणणार, तेवढ्यात पुढचा मेसेज आला.

"सर, मला डिझाइनमधलं काही कळत नाही. बाळाला मोठा घ्या. बाकीचं तुम्ही बघा."

"चित्ती," ती मला म्हणाली, "मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल. बाकीचं तुम्ही बघा! मी कोणाची मुलगी, कोणाची पुतणी, त्यांना काही माहीत नव्हतं. नुसतं काम बघून माणूस आला होता. मला नाही म्हणवेना गं."

तिने हो म्हटलं. फोनवर बोलायचं टाळलं, सगळं लिहून. विरुमांडी तिला 'सर' म्हणत राहिले आणि ती 'सर' राहिली. आगाऊ पैसे मागायच्या आधी आले. बदल एकही सांगितला नाही.

कान टोचणीच्या दिवशी सकाळी आम्ही टेंपो भरून निघालो. देव आमच्या जावयांचा, गावाबाहेर चिंचेखाली, हातात कोयता घेतलेला करुप्पसामी. टेंपोत ताटं, केळ्यांचा घड, वाजंत्री, आणि पुढच्या सीटवर थोरले, नव्या रेशमी वेष्टीत, म्हणजे आमच्याकडच्या धोतरात. मिशी त्यांनी दोन्हीकडे सारखी कोरून आणली होती. फ्लेक्सशी जुळायला हवी ना!

वळणावर टेंपो थांबला. डावीकडे आमचा फ्लेक्स, उजवीकडे त्यांचा.

आमचा आधी सांगते. भाजीवाल्याच्या टोपलीत वांगी भरावीत तशी तोंडं भरलेली. सगळ्यांत पुढे थोरले, छातीपर्यंत. शेजारी गॉगल घातलेला कदिरवन, त्यात ढगांचं प्रतिबिंब. मधल्यांच्या डोक्यावर दाट केस, त्यामुळे ते दुसरेच कोणी वाटत होते. थोरल्या जाऊबाई इतक्या गोऱ्या की चेहऱ्याच्या जागी भोक पडलंय असं वाटावं.

आणि उजवीकडे काहीच नव्हतं. म्हणजे, नुसतं बाळ होतं. एवढं मोठं, हसणारं, एक हात स्वतःच्या कानाला लावलेला, जणू विचारतंय, हा? हा टोचणार? वर चार शब्द: 'आज माझा कान, मामा!' खाली कोपऱ्यात विरुमांडी, अंगठ्याएवढे, हात जोडून. बस.

येणारा जाणारा उजवीकडे थांबत होता. पोरं फोटो काढत होती. एक म्हातारी बाळाची दृष्ट काढत होती, फ्लेक्सवरच्या.

"हे काय!" थोरले खाली उतरत म्हणाले. "हे... हे कोणी केलं?"

"मदुरैचा कोणीतरी मोठा माणूस असणार," कदिरवन गॉगल काढत म्हणाला. "बघा ना, 'आज माझा कान, मामा.' म्हणजे त्यांच्या फ्लेक्सवरसुद्धा मान माझाच!"

"गाढवा, तू त्यांच्याकडून बोलतोस?"

"मी मामाकडून बोलतोय, पेरियप्पा. मी मामा आहे."

तेवढ्यात अरसी बाळाला कडेवर घेऊन आली. बहिणीला मिठी मारायला आली होती बिचारी. आमच्या फ्लेक्सकडे बघून थांबली. डावीकडून उजवीकडे बघितलं, उजवीकडून डावीकडे.

"याळिनी," ती म्हणाली, "माझं बाळ कुठे आहे?"

"तुझ्या कडेवर," थोरले म्हणाले.

"फ्लेक्सवर कुठे आहे, पेरियप्पा?"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. घरात कितीदा बघितला होता तो फ्लेक्स! खरं सांगते, त्या क्षणापर्यंत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. थोरल्यांच्या उजव्या खांद्यामागे एक काळा ठिपका होता. ती बाळाची शेंडी होती. जावळाची, जी त्या दिवशी उतरवायची होती.

अरसीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या पोराचे कान टोचायचेत आणि तुम्ही सगळे आलात, तोच नाही आला?"

थोरल्यांनी सगळ्यांकडे बघितलं, आणि मग, दोष ठेवायला सोपी जागा सापडावी तसे याळिनीकडे वळले.

"एवढं साधं कळत नाही? बाळाच्या कार्यक्रमाला बाळ नको? म्हणे डिझाइन शिकते! बघा जरा समोर. त्याला म्हणतात काम." त्यांनी उजवीकडे हात केला. "ठरलं होतं तसं. त्यांचा भारी ठरला. लॅपटॉप कपाटात. विषय संपला."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, पेरियप्पा," याळिनी म्हणाली. आवाज कापत होता. "बाळ मागे जातंय, म्हणून."

"सांगायचं नसतं! करायचं असतं!"

मधल्या भाऊजींनी मान हलवली. मला त्या वेळी ती मान धरून एकदाची सरळ करावीशी वाटली.

आणि तेवढ्यात, हात जोडत, हसत हसत विरुमांडी आले. लुंगी, खांद्यावर टॉवेल, पायात चप्पल नाही. "या, या, मामाकडची मंडळी! उन्हात का उभे?" मग त्यांची नजर आमच्या फ्लेक्सच्या तळाशी गेली, जिथे पोरीने सवयीने टाकलेली बारीक अक्षरं आमच्यापैकी कोणी बघितलीच नव्हती. ते वाकले, डोळे बारीक केले. "अरे वा! तुमचा पण आमच्याच माणसाने केलाय?"

"कोणत्या माणसाने?" थोरले म्हणाले.

"हे काय, याळ डिझाइन. तोच नंबर. फार मोठा माणूस आहे हो! एक शब्द जास्त बोलत नाही. मी नुसतं लिहिलं, मला डिझाइनमधलं काही कळत नाही, बाकीचं तुम्ही बघा, आणि बघा काय केलंय! मी आज जेवायला या म्हणालो, तर म्हणाला बघतो. थांबा, बोलावूनच घेतो." त्यांनी फोन काढून कानाला लावला.

वाजंत्री नेमकी दम खायला थांबली होती. याळिनीच्या कमरेला लटकवलेल्या पिशवीत फोन वाजायला लागला.

वाजू दे, वाजू दे, एकदाचा बंद होईल, असं तिला वाटलं असणार. विरुमांडी काही सोडणाऱ्यातले नव्हते. फोन वाजत राहिला. शेवटी अरसीच्या कडेवरच्या बाळाने पिशवीकडे बोट दाखवलं.

याळिनीने फोन काढला आणि कानाला लावला. समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ती म्हणाली, "वणक्कम सर."

"वणक्कम सर," विरुमांडीही फोनमध्येच म्हणाले. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि पोट धरून असे हसायला लागले की टॉवेल खाली पडला. "आमच्या सुनेची बहीण! एवढंसं पोर! आणि मी इतके दिवस सर सर करतोय!"

थोरले हसत नव्हते.

"शब्द दिला होतास," ते म्हणाले. "बाहेरचं काम घेणार नाही म्हणून. आणि घेतलंस ते यांचं? घरचा असा करून टाकलास, आणि त्यांचा तसा?"

"हो, शब्द मोडला," याळिनी म्हणाली. आता आवाज कापत नव्हता. "त्याचं तुम्ही काय बोलाल ते ऐकून घेईन. पण मी घरचा वाईट नाही केला. त्यांचा मी केला, पेरियप्पा. आपला तुम्ही सगळ्यांनी केलात. मी नुसता माऊस धरला होता."

माझा हात आपोआप हनुवटीकडे गेला.

"त्यांचा भारी ठरला," थोरले हट्टाने म्हणाले. "ठरलं ते ठरलं. तू हरलीस."

"त्यांचा माझाच आहे."

"हरलीस म्हणतोय ना मी!"

देवळाकडून हाक आली. आसारी, म्हणजे सोनार, सोन्याची तार घेऊन बसला होता, मुहूर्त टळत होता, मामाला पाठवा. वाजंत्री सुरू झाली. सगळे देवळाकडे वळले. कदिरवन मात्र वळला नाही. तो आमच्या फ्लेक्सखाली, स्वतःच्याच तोंडाच्या सावलीत, मांडी घालून खाली बसला.

"मी नाही येत," तो म्हणाला.

"काय?"

"मामा रुसलाय."

आता बघा, आमच्याकडे मामाने रुसणं म्हणजे काय सांगू! लग्नं अडतात, बारशी अडतात, माणसं पाया पडतात. तो हक्कच असतो त्याचा, आणि या पोराने जन्मात एकच हक्क नीट शिकून घेतला होता. मांडी नाही तर कान नाही.

"काय पाहिजे तुला? अंगठी?" थोरले ओरडले.

"याळिनीचं काम चालू राहणार असं म्हणा. देवासमोर. मग उठतो."

थोरल्यांनी मधल्यांकडे बघितलं. "तुझी ही दोन पोरं डोक्यावर बसलीयत. सांग त्याला उठायला."

मधल्या भाऊजींनी मान हलवली. पण या वेळी ती अगदी स्पष्ट हलली, डावी-उजवीकडे. मग घसा साफ करून ते म्हणाले, "नाही सांगणार. पोरीचं काम चांगलं आहे, दादा." थोरल्यांसमोर एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ते बोलून स्वतःच घाबरून आमच्या यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

विरुमांडी टॉवेल उचलत म्हणाले, "व्याही, नातवाला ऊन लागतंय हो."

थोरल्यांनी करुप्पसामीकडे बघितलं, त्याच्या हातातल्या कोयत्याकडे बघितलं. "चालू राहू दे," ते पुटपुटले. "ऊठ, मेल्या."

कदिरवन ऐटीत उठला. बहिणीच्या प्रेमापोटी केलं, असं आता तो गावभर सांगतो. सांगू दे. उठताना त्याने तिच्या कानात काय विचारलं ते मी ऐकलंय. "माझ्या एकट्याचा फ्लेक्स कधी करणार?" आणि ती म्हणाली, "गॉगल काढलास तर फुकट."

बाळाचे कान टोचले. बाळ इतकं रडलं की वाजंत्री ऐकू येईना.

पंगतीत थोरल्यांना पहिल्या ओळीत बसवलं विरुमांडींनी, स्वतः हात धरून. पानावर मटण पडलं तरी बोट लावलं नाही. डाव्या हाताने मांडीखाली फोन धरून काहीतरी करत होते. त्यांना लिहिता येतं एका बोटाने, चष्मा कपाळावर ठेवून, म्हणजे दिसत काहीच नाही. मला वाटलं बी.एड.वाल्यांना कळवतायत.

याळिनी माझ्याशेजारी बसली होती. तिचा फोन थरथरला. तिने वाचलं, आणि पटकन माझ्यापुढे धरला.

"वणक्कम सर. पुढच्या महिन्यात माझी साठी आहे, बायकोशी पुन्हा लग्न लागणार. फ्लेक्स पाहिजे. मला डिझाइनमधलं काही कळत नाही. बाकीचं तुम्ही बघा."

मी मान वर केली. समोरच्या ओळीत थोरले पानाकडे डोळे लावून बसले होते, कोणाकडेही बघायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखे. त्यांचे कान लाल झाले होते, जणू त्यांचेच टोचलेत.

याळिनीचे डोळे डबडबले. तिने मनगटाने पुसले, खरकटा हात बाजूला धरला, आणि डाव्या हाताने उत्तर टाकलं.

"वणक्कम सर. नक्की करू. निम्मे पैसे आगाऊ लागतील."

समोर फोन वाजला. थोरल्यांनी वाचलं. त्यांची मिशी, दोन्हीकडे सारखी कोरलेली, एकदा हलली. मग ते माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "पोरीला अजून मटण वाढ. काम करणारी माणसं आहेत ती."